नऊ नंबरचा दगड

नाना चालत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मला धुळ्याच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणारे हेडक्लार्क होते. म्हणाले, "हजेरी, रजा, प्रवासभत्ता, सगळं हळूहळू समजेल. आधी एवढं लक्षात ठेवा." मला वाटलं, माणूस तापट असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरून ऑफिसकडे येताना पुढे एक बुटका, रुंद खांद्यांचा, साठीला टेकलेला माणूस चालताना दिसला. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात वेताची काठी, पाठीला दप्तर. मी मागून "नमस्कार नाना" म्हटलं. त्यांनी न वळता उजव्या हाताचं एक बोट वर केलं. बोट तसंच वर, पाय चालू. मी मुकाट्याने मागे. ऑफिसच्या पायरीवर पाऊल ठेवल्यावर ते वळले.

"अकराशे चौऱ्याऐंशी," म्हणाले. "हं, नमस्कार. जयगावनी ना तू?" जयगाव म्हणजे अहिराणीत जळगाव, आणि मी तिथलीच.

ते पावलं मोजत होते. रोज मोजत. स्टँड ते ऑफिस किती पावलं हे त्यांना चौतीस वर्षं माहीत होतं, तरी मोजत. रस्त्यात खड्डा आला, गाय आडवी आली, कुणी ओळखीचं भेटलं की आकडा बिघडे, आणि आकडा बिघडला की नाना परत स्टँडवर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करत. म्हणून तो नियम होता. ते उशिरा आले की हेडक्लार्क विचारत, "आज कोण भेटलं?"

आमचं ऑफिस लष्कराच्या जमिनींची देखरेख करायचं. खानदेशात लष्कर कुठे, असं लोक विचारतात. लष्कर नाही, जमिनी आहेत. जुन्या काळी पलटणी पायी चालत जात, तेव्हा दर दहा-बारा मैलांवर त्यांच्या मुक्कामासाठी मैदानं राखून ठेवलेली असत. त्यांना पडाव म्हणतात. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, पलटणींचं पायी चालणं बंद झालं. पडाव मात्र कागदावर आणि जमिनीवर तसेच राहिले. साक्रीकडे, शिंदखेड्याकडे, जळगावच्या बाजूला असे पडाव, शिवाय गोळीबाराची एक बंद पडलेली रेंज, एक गोदाम आणि छप्पर उडालेला एक बंगला, एवढं आमचं राज्य. प्रत्येक मैदानाच्या कडेने नंबर कोरलेले हद्दीचे दगड. या राज्याचे सेनापती, शिपाई आणि पहारेकरी असे सगळे मिळून एकटे नाना.

मी सर्व्हेचा डिप्लोमा केलेली, कंत्राटावर आलेली. वरच्या ऑफिसने ठरवलं होतं की लष्कराची देशभरातली एकूण एक मालमत्ता मशीनने मोजून, फोटो काढून पोर्टलवर चढवायची. माझ्याकडे तिपाईवर उभं राहणारं, उपग्रहाकडून जागा विचारून बोटभर फरकाने सांगणारं मशीन होतं. नानांकडे पाय होते. माझं कंत्राट आठ महिन्यांचं आणि नानांची निवृत्ती त्याच्याही दोन महिने आधी. आम्हाला एका जीपमध्ये बसवण्यात आलं.

पायांची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. तरुणपणी लष्कराच्या भरतीला ते तीनदा गेले. पळण्यात पहिले आले, छाती भरली, डोळे चांगले. तिन्ही वेळा डॉक्टरने तळवे पाहिले आणि घरी पाठवलं. तळवे सपाट होते. ओल्या पायांनी फरशीवर उभे राहिले की आख्खं पाऊल उमटायचं, मधली कमान नाहीच. "डॉक्टर म्हने, या पायांनी तू कूच करू शकणार नाहीस," नाना सांगत. "मंग लष्करना पोटात नही तर लष्करना पाठीशी." जमिनींच्या ऑफिसात चेनमन म्हणून लागले. चेनमन म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा. साखळी ओढता ओढता त्यांनी आपलं पाऊल बरोबर तीस इंचांचं करून घेतलं. ना कमी, ना जास्त. वर्षभर अंगणात खडूच्या रेघा मारून सराव केला, असं त्यांची बायको सांगायची. म्हणायची, लग्नात सप्तपदीलाही मोठमोठी पावलं टाकत होते, मला पळावं लागलं.

त्यांच्याकडे एक जाड रजिस्टर होतं, त्याला ते पोथी म्हणत. त्यात प्रत्येक दगड, विहीर, झाड, भिंत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पोथीमा शे ते जमिनवर जोयजे, जमिनवर शे ते पोथीमा जोयजे. बाकी बठ्ठ्या गप्पा." म्हणजे पोथीत आहे ते जमिनीवर पाहिजे आणि जमिनीवर आहे ते पोथीत, बाकी सगळ्या गप्पा. एखादं लिंब वठलं तर ते त्याच्यापुढे तांबड्या शाईने तारीख लिहीत आणि दोन मिनिटं टोपी काढून बसत. साक्रीच्या पडावावरची एक बाभूळ वीज पडून गेली, तेव्हा हेडक्लार्कने गमतीत विचारलं, "नाना, सुतक किती दिवस?" नानांनी त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. म्हणजे बहुधा तितकंच सुतक.

पोर्टलने या माणसाचा फार छळ केला. पोर्टलला प्रत्येक मालमत्तेचा फोटो लागे. आता पोथीत 'घोड्यांना पाणी पाजण्याचा हौद, एक' असं लिहिलेलं. हौद बुजून पन्नास वर्षं झालेली. फोटो नाही तर पोर्टल पुढे सरकेना. नाना म्हणाले, "मी उभा ऱ्हातो, तू काढ." जिथे हौद होता तिथे ते सावधान उभे राहिले आणि बोटाने जमीन दाखवली. मी फोटो काढला, पोर्टलने घेतला. मग आम्हाला सवयच लागली. पडलेली भिंत, नाना. बुजलेली विहीर, नाना. विटांचं शौचालय, छत नसलेलं, भिंतीही नसलेलं, नाना. महिन्याभराने वरच्या ऑफिसातून पत्र आलं: 'सादर केलेल्या चौतीस छायाचित्रांत एकच इसम दिसून येतो. सदर इसम मालमत्तेचा भाग आहे काय, याचा खुलासा करावा.'

नानांनी स्वतःच्या अक्षरात खुलासा लिहिला: 'होय. मार्चअखेरपर्यंत.'

तर आता त्या दगडाकडे येते. शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीच्या काठी एक गाव आहे. त्या गावच्या पडावाला चौदा दगड. त्यातला नऊ नंबरचा, उत्तरेच्या कोपऱ्यातला, नाना नोकरीला लागले तेव्हापासून गायब होता. त्याच्या जागी वीस-बावीस वर्षांपूर्वी नानांनीच सिमेंटचा खांब उभा केला होता. पण मूळ दगड हरवल्याची त्यांना खंत होती. पोथीत त्या दगडापुढे 'शोध चालू' असं लिहून ठेवलेलं.

आम्ही मशीन घेऊन गेलो तो दिवस उन्हाचा. कोपऱ्याला लागूनच गावातलं शेवटचं घर. तिथे मी पाणी मागितलं. घरात सत्तरीच्या एक अक्का एकट्याच राहत, मुलगा सुरतेला. त्यांनी तांब्या दिला, नानांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ते दगडवाले ना?" नाना "हो अक्का" म्हणाले. त्यांची सवय अशी की कुठलाही दगड दिसला की काठीने ठोकून बघायचं. बोलता बोलता त्यांनी मोरीजवळच्या धुणं धुवायच्या दगडावर काठी टेकवली. टक्. पुन्हा ठोकली. टक्.

"हाऊ आपला शे," ते म्हणाले, आणि साबणाच्या पाण्यात सरळ पोटावर आडवे झाले. दगडाच्या खालच्या बाजूला हात घातला. बोटांनी चाचपलं. मग तसेच आडवे राहून माझ्याकडे मान वळवली. चष्म्याला फेस लागलेला. "नऊ," म्हणाले. "ताई, नऊ! अन वर बाण शे." बाण ही लष्करी हद्दीची जुनी खूण.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "उठा तठून. मना सासरानी आनेल दगड शे तो. रस्तावर पडेल व्हता, बैलगाडीनी पाडेल. चाळीस वरीस व्हयनात, धुनं धुवस मी त्यावर."

"अक्का, हा लष्कराचा दगड आहे," नाना उठून बसत, एकदम ऑफिसच्या भाषेत शिरून म्हणाले.

"मंग लष्करले सांगा, धुनं धुवाले ये."

नाना कायद्यावर आले असते तर दगड उचलून नेता आला असता. ते कायद्यावर आले नाहीत. म्हणाले, "बदल्यात दुसरा आणून देतो." अक्का म्हणाल्या, "आना. मी देखसू." आणि दुसऱ्या दिवशीपासून मी जे पाहिलं ते आयुष्यभर विसरणार नाही. नाना सकाळी बुराईच्या पात्रात उतरत, दगड निवडत, आपल्या मोपेडवर पायांपुढे ठेवत आणि दोन्ही पाय हवेत धरून गावात येत. पहिल्या दगडावर अक्कांनी एक चादर धुतली आणि म्हणाल्या, "खरबरीत शे, कापड फाटी." दुसऱ्या दिवशी दुसरा. "उतार नही. पानी थांबस." तिसऱ्याला नाना छिन्नी घेऊन बसले, अक्कांनी सांगितला तेवढा उतार काढला. अक्कांनी त्यावर सगळं घरचं धुणं धुतलं. नाना शेजारी उभे, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. शेवटचं लुगडं पिळून अक्का म्हणाल्या, "चाली."

नऊ नंबरचा दगड आम्ही जीपमध्ये ठेवला. नाना पुढे न बसता मागे त्याच्याजवळ बसले.

आता फक्त तो जागेवर उभा करायचा होता. सिमेंटचा खांब काढायचा, तिथेच मूळ दगड रोवायचा, तासाभराचं काम. मी जुन्या नकाशावरचे आकडे मशीनमध्ये भरले. मशीन घेऊन चालत गेले आणि मशीन म्हणालं, नऊ नंबर इथे. 'इथे' म्हणजे सिमेंटच्या खांबापासून तेवीस फूट अलीकडे, मैदानाच्या आत.

मी तीनदा मोजलं. मग नानांना सांगितलं.

"मशीन तापलं असंल," नाना म्हणाले. मशीनवर त्यांनी स्वतःची ओली टोपी ठेवली. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. तेवीस फूट.

मग चार दिवस नानांचं आणि मशीनचं युद्ध चाललं. ते म्हणाले, आधी बाकीचे तेरा दगड मोज. मी मोजले. तेराही दगड नानांच्या पोथीशी टिचभर फरकाने जुळले. नाना खूश. "देख! मशीन बरोबर चालस." "मग नाना, नऊ नंबरलाही ते बरोबरच चालत असेल ना?" त्यावर त्यांनी पोथी मिटली.

पाचव्या दिवशी ते स्वतःच कुदळ घेऊन आले. जुन्या मोजणीवाल्यांची एक रीत होती: दगड रोवताना खाली खड्ड्यात कोळसा भरायचा. दगड हरवला तरी कोळसा शेकडो वर्षं कुजत नाही. आधी त्यांनी सिमेंटच्या खांबाच्या बुडाशी खणलं. कंबरेएवढं. पिवळी माती, मुरूम, बाकी काही नाही. मग मशीनने दाखवलेल्या जागी आले. मी म्हटलं, "नाना, मजूर बोलावू." ते नाही म्हणाले. दोन फुटांवर माती काळी व्हायला लागली. त्यांनी कुदळ टाकली आणि हातांनी उकरलं. ओंजळभर कोळसा निघाला, वर चौकोनी खाच, दगडाच्या बुडाएवढी.

नाना खड्ड्याच्या काठावर बसले. हात काळे. म्हणाले, "इथे कर्नलसाहेब होते."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. खांब रोवायचा त्या दिवशी एक कर्नल पाहणीला आले होते. साखळी साक्रीला राहिली होती. कर्नल म्हणाले, मग उद्या करू. नाना म्हणाले, साखळी कशाला साहेब, मी पावलांनी मोजतो. आठ नंबरपासून नऊपर्यंत पाचशे बावन्न पावलं. कर्नल कौतुकाने शेजारी चालू लागले. "साहेब शेजारी, त्यांचे बूट वाजताहेत," नाना म्हणाले. "माझी छाती पुढे आली ताई. तीनदा घरी पाठवलेला माणूस मी. छाती पुढे आली की पाऊल लांबतं. अर्धा इंच. अर्धा इंच गुणिले पाचशे बावन्न, कर बरं."

मी केलं. तेवीस फूट.

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं, कारण नाना हसत नव्हते. ते अक्कांच्या घराकडे पाहत होते. तेवीस फुटांच्या त्या पट्ट्यात, सिमेंटच्या खांबाच्या हिशेबाने लष्कराच्या आणि कोळशाच्या हिशेबाने अक्कांच्या जमिनीत, तेव्हा एक गोठा होता. नानांनीच नोटीस नेऊन दिली होती. अक्कांच्या मालकांनी एका दुपारी स्वतःच्या हातांनी गोठा उतरवला होता. भांडले नव्हते. फक्त एकदा म्हणाले होते, "साहेब, आमच्या हद्दीत आहे हो." नानांनी त्यांना पोथी दाखवली होती.

ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "अहो, दोन महिने राहिलेत तुमचे. काटेरी झुडपांची पट्टी ती, कोण विचारतंय? आणि ताई, तुमच्या मशीनचा आकडा जरा सरकवता येत नाही का?" माणूस वाईट नव्हता, नानांसाठीच बोलत होता. "चौकशी लागली तर निवृत्तीचे कागद लटकतील." मी नानांकडे पाहिलं. खरं सांगते, त्यांनी नुसती मान हलवली असती तर मी आकडा सरकवला असता.

नानांनी दप्तरातून पोथी काढली, आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताईला असलं काम सांगू नका." मग कोरा कागद घेऊन अहवाल लिहायला बसले.

अहवाल वर पाठवण्याआधी ते अक्कांकडे गेले. मला सोबत चल म्हणाले. अक्का तूर निवडत होत्या. नाना उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, गोठा तुमनाच हद्दमा व्हता. चूक मनी शे."

अक्कांचे हात थांबले. सुपातली तूर तशीच. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्या बोलल्या ते शिव्यांपेक्षा जड होतं. "जीव जाये तवलोंग मना मालक म्हनेत, गोठा आपलाच हद्दमा व्हता. अन मी त्यासले काय म्हनू? तो मानूस पाय मोजीसन चालस, तो कसा चुकी? तुम्हीच चुकनात. भाऊ, मी मना मालकलेच खोटं पाडं. तुमना पायासवर भरोसा ठीसन."

अक्कांनी भिंतीकडे हात केला. हार घातलेला फोटो होता, टोपीवाला, हसू दाबून धरलेला माणूस. "माले काय सांगतस? तिकडे सांगा. त्यासले."

नाना फोटोसमोर सावधान उभे राहिले. अहवालाचा कागद काढला आणि खड्या आवाजात वाचायला लागले. "सीमास्तंभ क्रमांक नऊ हा पूर्वी चुकीच्या जागी उभारण्यात आला होता. त्यामुळे खाजगी मालकीचा गोठा अतिक्रमण समजून हटविण्यात आला. सदर चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे."

"हाऊ कोन शे?" अक्कांनी विचारलं.

"कोण?"

"निम्न... काय म्हनात तुम्ही ते."

"मी, अक्का. खाली सही करणारा, म्हणजे मीच."

"मंग 'मी' म्हना ना भो. त्यासले ऑफिसनं कसं कळी?"

नानांनी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीवर धरून तो शब्द खोडला आणि वर 'माझी' असं लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'सदर चूक माझी आहे' इथे त्यांचा आवाज फाटला. अक्का पदराने सुपातली धूळ झटकत राहिल्या.

वरच्या ऑफिसने अहवाल दोनदा परत पाठवला. गुन्हा कबूल केला म्हणून नव्हे, तर अहवालात 'माझी' हा शब्द नियमात बसत नाही म्हणून. नानांनी दोन्ही वेळा तसाच परत पाठवला. शेवटी चौकशीला एक तरुण मेजर आले, साताऱ्याकडचे, जेमतेम तिशीचे. त्यांचा मुद्दा साधा होता. "तेरा दगड अचूक, आणि एकच चुकतो, तोही अर्ध्या अर्ध्या इंचाने? हे मी कागदावर कसं लिहू?"

"साहेब, त्या दिवशी कर्नलसाहेब शेजारी होते," नाना म्हणाले.

"मग?"

नाना लाजले. मी सांगितलं. मेजरांनी माझ्याकडे, मग नानांच्या पायांकडे पाहिलं. "चला," म्हणाले. "आठ नंबरपासून. मी शेजारी चालतो."

मशीनजवळून मी पाहत होते. नाना निघाले तेव्हा ठीक होते. मेजरांचे बूट वाजायला लागले आणि शंभरेक पावलांत नानांची मान ताठ झाली, खांदे मागे गेले, काठी काखेत आली. गावातली चार माणसं कडेला जमली होती, ती हसायला लागली. पाचशे बावन्न म्हणून नाना थांबले तेव्हा कोळशाचा खड्डा एकवीस फूट मागे पडला होता. त्यांनी खाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मेजर हसले नाहीत. "आता मी जीपमध्ये बसतो. तिकडे तोंड करून," म्हणाले, आणि खरंच जाऊन पाठ करून बसले. "सांगा झालं की."

नाना पुन्हा आठ नंबरला गेले. या वेळी कुणी शेजारी नव्हतं. ते आपले रोजचे, जरा पोक काढलेले, स्टँडवरून ऑफिसला येणारे नाना झाले. बोट वर. पाचशे बावन्नावं पाऊल पडलं तेव्हा बुटाचं टोक खड्ड्याच्या काठावर होतं, थोडी माती आत घसरली.

"झालं साहेब!" मीच ओरडले.

मेजरांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. नऊ नंबरचा दगड त्याच संध्याकाळी कोळशावर उभा राहिला. नवा कोळसा नानांनी घरून आणला होता.

मार्चअखेरीला ऑफिसात निरोपसमारंभ झाला. गंमत अशी की चौकशीचा निकालही त्याच दिवशीच्या टपालात आला. कागद काही अडले नव्हते, फक्त लेखी ताकीद होती: यापुढे मोजणी साधनांनीच करावी. यापुढे म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. नानांनी शाल-नारळ घेतला, ताकीद वाचली, पोथी उघडली आणि शेवटच्या पानावर नोंद केली: 'ताकीद, एक. स्थिती: चांगली.' मग पोथी माझ्या हातात दिली.

सिमेंटचा खांब पाडायचा हुकूम यायला मे उजाडला. माझ्या कंत्राटाचे शेवटचे दिवस होते. मी दोन मजूर घेऊन गेले. खांब पडायला दहा मिनिटं लागली. मजूर तुकडे उचलत होते तेवढ्यात मोपेडचा आवाज आला. नाना. मी कळवलं नव्हतं. कुणी सांगितलं, देव जाणे. आता ते सरकारी माणूस नव्हते. पायजमा, सदरा, पायात चपला.

ते मैदानातून चालत आले आणि नऊ नंबरच्या दगडापाशी थांबले. पलीकडे ती पट्टी, तेवीस फूट, बाभळीची चार रोपटी आणि वाळलेलं गवत. कुंपण नाही, दार नाही, काही नाही. चौतीस वर्षांत त्या पट्टीवरून ते किती वेळा आले-गेले असतील. अक्का पलीकडे अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"अक्का," नानांनी हाक मारली. "येऊ का?"

अक्कांनी वर पाहिलं. मजूरही थांबले. अक्कांनी हातातला पापड नीट पसरला, मग म्हणाल्या, "थांब."

नाना थांबले. ऊन चढलेलं, सावली कुठे नाही, आणि हा माणूस दगडाच्या अलीकडे उभा. अक्का घरात गेल्या. झाडू घेऊन आल्या. त्या पट्टीतला एक चौकोन त्यांनी झाडून काढला, काटे बाजूला केले, आतून खाट आणून तिथे टाकली, खाटेवर गोधडी अंथरली. मी मदतीला पुढे झाले तर मला हातानेच नको म्हणाल्या. मग पाण्याचा तांब्या आणून खाटेच्या पायाशी ठेवला आणि कंबर सरळ केली.

"आते ये, भाऊ."

नानांनी दगडापाशी चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले.